तीन ओळींच्या प्रश्नाला मी एका शब्दात उत्तर दिले: ऑनलाइन कलासमूहात मैत्री कशी जुळते?

सावलीचा_माग (धागाकर्ता)

नमस्कार. मी हौशी छायाचित्रकार आहे. दिवसभर हिशेबाचे काम करतो आणि उरलेला वेळ उजेड व सावल्या टिपण्यात घालवतो. हा छंद गेली चार वर्षे नियमाने चालू आहे. गेल्या डिसेंबरात मी एका ऑनलाइन कलासमूहाचा सदस्य झालो. तिथे छायाचित्रकारांबरोबरच जलरंगात काम करणारे, शाईची रेखाटने करणारे, छापचित्रे करणारे असे नाना प्रकारचे लोक आहेत, आणि नेमके त्यांच्याच ओढीने मी तिथे गेलो होतो, कारण माझ्या ओळखीतल्या कुणालाही छायाचित्रांबद्दल पाच मिनिटांहून जास्त बोलावेसे वाटत नाही.

आजवर मी तिथे १४० छायाचित्रे चढवली आहेत. प्रत्येकाला पसंतीच्या दहावीस खुणा मिळतात, खाली ‘सुंदर’, ‘अप्रतिम’, ‘क्या बात है’ असे दोनतीन अभिप्राय येतात, आणि मी प्रत्येकाचे आभार मानतो. मीही इतरांच्या कामाखाली असेच शब्द लिहितो. दहा महिने हे चालू आहे आणि तरीही तिथल्या एकाही माणसाला मी ओळखतो असे मला म्हणता येत नाही. त्याच समूहात काही जण एकमेकांशी असे बोलतात की त्यांचे संभाषण वाचतानाच हेवा वाटतो. कुणी जुन्या कामाची आठवण काढतो, कुणी ‘मागच्या वेळी तुम्ही म्हणाला होतात तसे करून पाहिले’ असे लिहितो. मी ते वाचतो आणि पुढे जातो.

एक प्रसंग सविस्तर सांगतो, कारण तो गेला महिनाभर माझ्या मनातून जात नाही. २० फेब्रुवारीला दुपारी सव्वातीनच्या सुमारास मी एका जुन्या लाकडी जिन्याचे छायाचित्र घेतले होते. कठड्याची सावली पायऱ्यांवरून तिरपी उतरत येते आणि वरून तिसऱ्या पायरीवर अचानक तुटते, बोटभर जागा सोडून पुन्हा सुरू होते. मार्चमध्ये ते समूहावर चढवल्यावर शाईची रेखाटने करणाऱ्या एका बाईंनी खाली लिहिले होते: ‘तिसऱ्या पायरीवर सावली तुटली आहे. तिथे पायरीची कड झिजली आहे, की उजेडाच्या वाटेत काही आड आले आहे? मी तीन वेळा पाहिले, पण मला ठरवता येईना.’ मी त्याखाली ‘धन्यवाद’ असे लिहिले आणि पुढच्या अभिप्रायाकडे वळलो. त्या दिवसांत कुणीही काहीही लिहिले की ते कौतुकच असणार असे मी धरून चालत होतो. गेल्या महिन्यात जुनी छायाचित्रे चाळताना त्या तीन ओळी पहिल्यांदा खऱ्या अर्थाने वाचल्या, आणि मला मनापासून वाईट वाटले. त्यानंतर त्या बाईंचे नाव माझ्या कोणत्याही छायाचित्राखाली दिसलेले नाही.

मला विचारायचे आहे ते असे. अशा समूहांत ज्यांची खरी मैत्री जमली आहे, त्यांची ती सुरुवातीला कशी जमली? सात महिन्यांनी त्या बाईंना उत्तर देणे विचित्र दिसेल का? आणि ज्यांचा चित्रकला हाच व्यवसाय आहे अशांच्या कामाबद्दल माझ्यासारख्या हौशी माणसाने काही म्हणणे आगाऊपणाचे ठरते का?

तिसरा_प्रहर

त्या बाईंच्या तीन ओळींत कौतुकाचा एकही शब्द नाही, आणि तरीही तुमच्या १४० छायाचित्रांखालच्या सगळ्या अभिप्रायांत तुम्हाला आज तेवढ्याच ओळी आठवतात. त्यांनी जे विचारले त्याचे उत्तर जगात फक्त तुम्हीच देऊ शकत होता, कारण त्या जिन्यासमोर तुम्हीच उभे होता. माझ्या अनुभवात मैत्री अशाच प्रश्नांतून सुरू होते.

मी या ऑनलाइन जगात २००५ साली आलो. छायाचित्रे चढवण्याचे फ्लिकर हे संकेतस्थळ २००४च्या फेब्रुवारीत सुरू झाले होते आणि त्याचा उगम एका ऑनलाइन खेळाच्या कामात होता, त्यामुळे अनोळखी माणसांनी एकमेकांशी बोलत राहावे ही कल्पना त्याच्या घडणीतच होती. त्यात एक सोय होती, जी मला आजही सर्वांत शहाणी वाटते. दुसऱ्याच्या छायाचित्राच्या एखाद्या भागावर माउसने चौकोन आखायचा आणि तेवढ्याच भागाविषयी टीप लिहायची. चौकोन आखायचा म्हणजे आधी कुठेतरी नजर थांबलेली असावी लागते. त्याच काळात असेही गट निघाले होते की एक छायाचित्र चढवले तर दुसऱ्या दोघांच्या छायाचित्रांवर अभिप्राय दिलाच पाहिजे असा नियम असे, आणि लोक घाईघाईने चकाकणारी पदकचित्रे डकवून पुढे जात. माझ्या एका छायाचित्राखाली अशी चाळीसेक पदके जमली होती. ती देणाऱ्यांपैकी एकाचेही नाव मला आज आठवत नाही. चौकोन आखून लिहिणाऱ्या तिघांशी मात्र अजून बोलणे आहे.

त्यांतल्या एकीची ओळख कशी झाली ते लिहितो. तेव्हा मी ५० मिलिमीटरची लेन्स कॅमेऱ्यावर उलटी जोडून गवताच्या तुऱ्यांची छायाचित्रे घेत असे. लेन्स अशी उलटी लावली की वस्तूची प्रतिमा साधारण तिच्या खऱ्या आकाराएवढी सेन्सरवर पडते, पण स्पष्ट दिसणारा पट्टा एक मिलिमीटरही उरत नाही. पुढची कुसळे धारदार आणि मागचे सगळे विरघळलेले, अशी ती छायाचित्रे असत, आणि मला ते फार देखणे वाटे. या बाईंनी मागच्या पुसट भागाभोवती चौकोन आखून लिहिले, ‘हे कुसळ कुठे वळते ते पाहायचे होते.’ मी लांबलचक उत्तर लिहिले की लेन्सचे छिद्र फार लहान केले तर विवर्तनामुळे, म्हणजे त्यातून जाताना उजेड पसरल्यामुळे, सगळेच मऊ पडते, म्हणून माझा नाइलाज आहे. त्यांनी मला फोकस थोडा थोडा सरकवत अनेक चौकटी घेऊन त्यांतले स्पष्ट भाग एकत्र जोडण्याची पद्धत सांगितली. मी २४ चौकटी घेतल्या, वाऱ्याने तुरा हलला, सगळे फसले. मी तसे कळवले तेव्हा त्यांनी फसलेल्या चौकटीच मागवल्या, आणि कितव्या चौकटीपासून तुरा हलला ते शोधून काढले. नवव्या. पुढे दोन महिने आम्ही त्या एका तुऱ्याबद्दल बोलत होतो. या सगळ्या काळात ओळख वाढवू या असे दोघांपैकी कुणीही म्हटले नाही. त्यांच्या घरी आजारपण होते हे मला त्या दोन महिन्यांच्या शेवटी कळले, तेही त्यांनी एका फोकसबद्दलच्या उत्तराच्या अखेरीस सहज लिहिले म्हणून.

तुम्हाला करण्यासारखे काही सांगायचे तर इतकेच सांगेन की समूहातल्या सगळ्यांपर्यंत पोहोचण्याचा प्रयत्न सोडून द्या. ज्यांचे काम तुम्हाला खरोखर धरून ठेवते अशी आठदहा माणसे निवडा आणि त्यांचे जुने काम पहिल्यापासून, सावकाश, काही आठवडे घेऊन पाहा. दोन वर्षांपूर्वीच्या चित्राखाली आज आलेली एक नेमकी ओळ चित्रकाराला किती सुखावते याची कल्पना प्रत्यक्ष तसे झाल्याशिवाय येत नाही, कारण त्या कामाकडे आता कुणी पाहत असेल असे त्याला वाटतच नसते. लिहिण्याआधी चित्र निदान दोन मिनिटे पाहा. छायाचित्र असेल आणि त्याची एक्झिफ नोंद, म्हणजे कॅमेऱ्याने फाइलमध्ये आपोआप केलेली नोंद, उघडी ठेवलेली असेल तर शटरचा वेग, छिद्र, लेन्स हेही पाहा. एक पंधरांश सेकंदाला हातात धरून घेतलेली चौकट दिसली की ‘कोपर कशावर टेकवले होते?’ असा प्रश्न आपोआप सुचतो.

थोडे विषयांतर होईल, पण हे सगळे इंटरनेटच्या फार आधीपासून चालत आले आहे. ब्रिटनमध्ये हौशी छायाचित्रकारांची टपालमंडळे असत. सभासदांच्या छापील प्रतींची एक पेटी टपालाने एकाकडून दुसऱ्याकडे फिरे, प्रत्येक जण इतरांच्या प्रतींवर शेरे लिही, आपली जुनी प्रत तिच्यावरच्या शेऱ्यांसह काढून घेई आणि नवी प्रत ठेवून पेटी पुढे पाठवी. एकमेकांचे तोंड न पाहिलेली माणसे अक्षरावरून एकमेकांना ओळखत. पेटी दारात आल्यावर सगळ्यांच्या शेऱ्यांवर ‘धन्यवाद’ लिहून ती पुढे ढकलणारा सभासद त्यांना चालला नसता, असे मला वाटते.

ओला_कागद

मी जलरंगात काम करते, आणि तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर चित्रकाराच्या बाजूने द्यावेसे वाटते, कारण छायाचित्रकारांचा हा संकोच मी वारंवार पाहिला आहे.

आम्हाला छायाचित्रकारांची गरज असते, आणि ती केवळ नमुन्यासाठी नसते. मी तीन वर्षे हात रंगवत होते आणि माझे हात चुकीचे येत होते. हाडांची रचना मी पुस्तकांवरून पाठ केली होती, तरी पुढची बोटे सुजल्यासारखी आणि मनगट बारीक दिसे. समूहातल्या एका हौशी छायाचित्रकाराने ते चित्र पाहून मला विचारले, ‘हा हात तुम्ही फोनने जवळून टिपून त्यावरून काढलात का?’ खरेच तसे होते. त्याने समजावून सांगितले की वस्तूच्या भागांचे आपसातले प्रमाण कॅमेरा किती अंतरावर आहे त्यावर ठरते. वीतभर अंतरावरून टिपले तर बोटांची टोके मनगटाच्या मानाने लेन्सच्या फार जवळ असतात, म्हणून ती मोठी येतात. दोन मीटर मागे सरकले की हा फरक जवळजवळ नाहीसा होतो, आणि लांबून चौकट भरावी म्हणून तेवढी लांब पल्ल्याची लेन्स लावायची असते. दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या बहिणीचा हात दोन्ही अंतरांवरून टिपून मला पाठवला. एकच हात, एकच पेला धरलेला. दोन्ही प्रती शेजारी ठेवून पाहिल्या तेव्हा माझी तीन वर्षांची अडचण मला डोळ्यांनी दिसली. कुठल्याही शिक्षकाने ती पकडली नव्हती, कारण सगळे शरीररचनेत चूक शोधत होते. तो माणूस हौशी होता, मी चित्रे विकून घर चालवते, आणि यात आगाऊपणा कुठे आला हे मला अजून समजलेले नाही.

ब्रिटिश छायाचित्रकार ज्युलिया मार्गारेट कॅमेरून यांना पहिला कॅमेरा मिळाला तो १८६३च्या डिसेंबरात, मुलगी आणि जावई यांच्याकडून भेट म्हणून, आणि तेव्हा त्या ४८ वर्षांच्या होत्या. त्यांचे मित्र जी. एफ. वॉट्स हे त्या काळचे नावाजलेले चित्रकार होते. त्या आपल्या प्रती त्यांना पाठवत आणि ते पत्रांतून त्यांवर आपले मत कळवत. चित्रकार आणि छायाचित्रकार यांच्यातले हे येणेजाणे छायाचित्रणाच्या जवळजवळ जन्मापासूनचे आहे. देलाक्रवासारखा चित्रकार १८५१ साली पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या छायाचित्रणाच्या मंडळाचा सभासद होता, आणि १८५४मध्ये एजेन द्युरिय या छायाचित्रकाराबरोबर बसून त्याने मॉडेलची छायाचित्रे काढवून घेतली होती, ती पुढे रेखाटनांसाठी वापरली होती. तेव्हा तुम्ही परक्याच्या अंगणात शिरत नाही आहात.

माझी एक चूकही इथे सांगते, कारण ती तुमच्यासारख्याच एका छायाचित्रकाराच्या वाट्याला आली होती. समूहात आल्यावर पहिल्याच वर्षी मी एकाच्या छायाचित्रावरून, त्याला न विचारता, चित्र रंगवले आणि स्वतःचे म्हणून चढवले. ओल्या फरशीवर पडलेले खिडकीचे प्रतिबिंब होते. रंग माझे होते, कागद माझा होता, त्यामुळे ते माझेच आहे असे मला प्रामाणिकपणे वाटत होते. त्याने मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) पाठवून दोनच वाक्ये लिहिली: ही चौकट मिळावी म्हणून तो चार दिवस सकाळी त्या जागी गेला होता, आणि विचारले असते तर त्याने मूळ मोठी प्रत आनंदाने दिली असती. मी चित्र उतरवले, जाहीर क्षमा मागितली, त्याने ती स्वीकारली. आमची मैत्री काही झाली नाही. त्याची चौकट मी गृहीत धरली होती आणि ते त्याला लागले होते, आणि त्याचे त्याबाबत पूर्णपणे बरोबर होते. तेव्हापासून मी आधी विचारते, आणि विचारण्यातूनच माझ्या इथल्या निम्म्याहून जास्त ओळखी झाल्या आहेत. ‘तुमच्या या छायाचित्रावरून रंगवू का?’ या प्रश्नाला नकार देणारे फार थोडे भेटले, आणि होकार देणारा प्रत्येक जण चित्र पुरे होईपर्यंत सोबत राहिला.

म्हणून माझी सूचना अशी की तुमच्याकडच्या ज्या चौकटी प्रदर्शनात मांडण्यासारख्या नाहीत, म्हणजे पानांची मागची बाजू, ढगाळ उजेडातले कापडाचे चुण्या पडलेले तुकडे, जिन्यांचे कोपरे, त्या चित्रकारांना वापरू द्या. आम्हाला नाट्यमय उजेडापेक्षा सावलीची कड कुठे मऊ होते ते दाखवणारी साधी चौकट जास्त हवी असते.

खिडकीपाशी

सात महिन्यांचा उशीर विचित्र दिसणार नाही. फक्त व्यनि पाठवू नका, जिथे त्यांनी विचारले तिथेच, त्या छायाचित्राखाली लिहा, म्हणजे उत्तर द्यायचे की नाही हे ठरवायला त्या मोकळ्या राहतील. क्षमा एका वाक्यात मागा. उशिराची कारणे लिहीत बसलात तर त्यांना तुमची समजूत घालावी लागेल, आणि तो भार पहिल्याच भेटीत कुणावर टाकू नये. उरलेल्या जागेत त्यांच्या प्रश्नाचे उत्तर द्या. सावली का तुटली ते तुम्हाला माहीत आहे ना?

मंदगती

वरचे सगळे प्रतिसाद मला पटले. पण ओला_कागद यांची सूचना अमलात आणण्यापूर्वी परवान्याचा विचार जरूर करा, कारण पुढे गैरसमज होतात ते इथेच, आणि तेही चांगल्या मित्रांत.

आपले काम इतरांनी कोणत्या अटींवर वापरावे ते सांगणारे क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने २००२च्या डिसेंबरापासून उपलब्ध आहेत आणि बहुतेक समूहांत छायाचित्र चढवताना ते निवडता येतात. नुसते श्रेय मागणारा परवाना दिला तर कुणीही तुमच्या छायाचित्रावरून चित्र काढून ते विकूही शकतो, फक्त तुमचे नाव द्यावे लागते. व्यापारी वापर नको असे कलम जोडले तर विक्री थांबते. बदल नको असे कलम जोडले तर मात्र छायाचित्रावरून काढलेले चित्र वाटताच येत नाही, म्हणजे चित्रकारांना मदत करण्याचा हेतूच बाजूला पडतो. हौशी मंडळी सावधगिरी म्हणून नेमके हेच कलम निवडतात आणि मग आपल्याला कुणी विचारत का नाही म्हणून खंतावतात. शिवाय एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही. तुम्ही छायाचित्र उतरवले तरी ज्याने ते आधी घेतले त्याचा हक्क कायम राहतो. मी स्वतः सर्व हक्क राखून ठेवतो आणि खाली एक ओळ लिहितो की रंगवण्यासाठी हवे असल्यास विचारा. त्यामुळे बोलणे सुरू होते.

दुसरे, एक्झिफ नोंदीबद्दल. शटर आणि छिद्र लोकांना दिसू द्यावे, पण फोनने घेतलेल्या छायाचित्रात त्या जागेचे अक्षांश-रेखांशही नोंदलेले असू शकतात. काही संकेतस्थळे ते काढून टाकतात, काही तसेच ठेवतात. घरातल्या छायाचित्रांतून ती नोंद आधीच पुसून टाका. आणि ओळख नसताना कुणी एकदम तुमची सगळी छायाचित्रे मोठ्या रकमेला डिजिटल स्वरूपात विकत घ्यायची म्हणाला आणि त्यासाठी आधी तुम्हालाच काही शुल्क भरायला सांगू लागला, तर तो व्यनि तिथेच थांबवा. हा फसवणुकीचा ठरलेला प्रकार आहे. कलेबद्दल कुणीतरी बोलावे म्हणून आसुसलेला माणूस त्यात सहज सापडतो. माझ्या जवळच्या एका मित्राचे पैसे गेले, आणि पैशांपेक्षा त्याला हे जास्त लागले की त्याच्या चित्रांबद्दल इतक्या आपुलकीने तोवर कुणीच लिहिले नव्हते. त्या आपुलकीच्या पत्रांत एकाही चित्रातली एकही विशिष्ट गोष्ट नव्हती, हे त्याच्या नंतर लक्षात आले.

सावलीचा_माग (धागाकर्ता)

सर्वांचे प्रतिसाद मी दोनदा वाचले. ‘धन्यवाद’ एवढेच लिहून थांबण्याची चूक इथे करणार नाही.

खिडकीपाशी, तुमच्या शेवटच्या प्रश्नाने मला अडवले. सावली का तुटली ते मला माहीत नव्हते. मी तो जिना टिपला, समूहात मिरवला, आणि तिसरी पायरी कधी नीट पाहिलीच नव्हती. म्हणून काल रात्री मी मूळ कच्ची फाइल उघडली, ती चौपट मोठी करून पाहिली आणि त्या बाईंच्या प्रश्नाखाली असे लिहिले: ‘आपल्या प्रश्नाकडे मी मार्चमध्ये लक्ष दिले नाही, त्याबद्दल क्षमस्व. आज फाइल मोठी करून पाहिली. कड झिजलेली दिसते, पण झिजेची जागा आणि सावली तुटते ती जागा यांत बोटभर अंतर आहे, त्यामुळे नुसत्या झिजेने हे झाले असे मलाही म्हणता येत नाही. मी पुन्हा तिथे जाऊन पाहीन.’

आज सकाळी त्यांचे उत्तर आले होते. त्यांनी लिहिले आहे की त्या जिन्याचे शाईतले रेखाटन त्यांनी मार्चमध्येच सुरू केले होते, केवळ स्वतःच्या सरावासाठी, आणि तिसऱ्या पायरीपाशी येऊन ते थांबले, कारण तिथे रेषा तोडायची की वळवायची हे ठरेना. सोबत वहीचे पान टिपून पाठवले आहे. वरच्या दोन पायऱ्या दाट आडव्या-तिरप्या रेषांनी भरलेल्या आहेत, कठड्याची सावली एका दमात ओढलेली आहे, आणि तिसऱ्या पायरीवर पेन्सिलीने एक लहान प्रश्नचिन्ह काढून खाली सगळे कोरे सोडले आहे. ते पान सात महिने तसेच होते.

आज दुपारी सव्वातीनला मी जिन्यापाशी गेलो. उजेड होता, पण सावली वेगळ्याच पायऱ्यांवर होती आणि कुठेही तुटत नव्हती. आता फेब्रुवारीपर्यंत थांबावे लागेल असे दिसते. तसे त्यांना कळवू का?

तिसरा_प्रहर

फेब्रुवारीपर्यंत थांबू नका. सूर्य एका विशिष्ट उंचीवरून वर्षातून दोनदा जातो, एकदा उत्तरेकडे येताना आणि एकदा दक्षिणेकडे जाताना. २० फेब्रुवारीला तो खगोलीय विषुववृत्ताच्या जितका दक्षिणेला असतो, साधारण तितकाच दक्षिणेला २२ ऑक्टोबरच्या आसपास असतो, म्हणजे तुमच्याकडे अजून दोनेक आठवडे आहेत. फक्त वेळ तीच धरू नका. फेब्रुवारीच्या मध्यावर सूर्य घड्याळाच्या मागे असतो आणि ऑक्टोबरअखेर पुढे असतो, त्यामुळे तोच उजेड या वेळी सुमारे अर्धा तास आधी पडेल. तुमच्याकडे ऋतूनुसार घड्याळे पुढेमागे करत असतील तर तो तास वेगळा धरा. पाऊण तास आधीच जाऊन बसा, तिपाई लावा आणि दर मिनिटाला एक चौकट घ्या. सावली सरकताना दिसली की ती कशामुळे तुटते ते त्या बाईंनाही रेषेत दाखवता येईल.

आणि शक्य असेल तर पायरीकडे पाठ करून वर, उजेड येतो त्या बाजूलाही पाहा. कठड्याच्या एखाद्या दांड्यालाच खोच पडलेली असेल अशी मला शंका आहे.

ओला_कागद

वर पाहाल तेव्हा तीही चौकट घ्या. त्या बाईंना खालची सावली आणि ती पाडणारी वस्तू, दोन्ही लागतील. मलाही ते पान पाहायला आवडेल, त्यांची हरकत नसेल तर.

सावलीचा_माग (धागाकर्ता)

त्यांना विचारले. पान इथे दाखवायला त्यांची हरकत नाही, पण पुरे झाल्यावर, असे म्हणाल्या. मी २१ तारखेपासून तीन दिवस दुपारची रजा मागितली आहे, ढग आले तर एक तरी दिवस हाताशी राहावा म्हणून. त्यांनी प्रत्येक मिनिटाची चौकट मागितली आहे, फसलेल्यांसह.